आधी शिक्का, मग गुन्हा : लेबलिंग सिद्धांत आणि विमुक्त जमाती

समाजाचे नियम मोडणाऱ्या वर्तनाला समाजशास्त्रात 'विचलन' म्हणतात. पण नियम मोडणारा प्रत्येक जण गुन्हेगार ठरत नाही. सुखवस्तू घरातल्या मुलाने दुकानातून काही उचलले तर ती खोडी. पारधी पोराने उचलले तर 'जातीवर गेला'. हा फरक कुठून येतो, हे लेबलिंग सिद्धांत सांगतो.

हॉवर्ड बेकर यांनी १९६३ च्या 'आउटसायडर्स' या ग्रंथात मांडले, की विचलन हा कृतीचा गुण नसून इतरांनी कर्त्यावर मारलेला शिक्का आहे. त्याआधी १९५१ मध्ये एडविन लेमर्ट यांनी प्राथमिक आणि दुय्यम विचलन असा भेद केला होता. पहिली चूक कोणाच्याही हातून होते आणि बहुधा विरून जाते. शिक्का बसला की मात्र काम मिळत नाही, शेजारी तुटतात आणि जवळ करणारे उरतात ते आधीच शिक्का बसलेले. माणूस त्यांच्यात मिसळतो, स्वतःलाही त्याच नजरेने पाहू लागतो. त्यातून घडते ते दुय्यम विचलन. गुन्हेगारी रक्तातून येत नाही, सहवासातून शिकली जाते, हे एडविन सदरलँड यांचे म्हणणे इथे जुळते.

आपल्याकडे इंग्रज सरकारने पहिल्या चुकीचीही वाट पाहिली नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अख्ख्या जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या. बोटांचे ठसे, पोलीस हजेरी, गाव सोडायला परवाना. सोलापूरला तर तारेच्या कुंपणातली वसाहत. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी या जमाती 'विमुक्त' झाल्या, पण जागोजागी सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि नजर तीच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातीनिहाय कामवाटप घटनाबाह्य ठरवले, तेव्हा विमुक्तांना मनमानी अटक होऊ नये हेही पोलिसांना बजावावे लागले.

या सिद्धांताला मर्यादा आहेत. पहिली चूक का घडते, याचे उत्तर तो देत नाही. भूक आणि भूमिहीनता वेगळी मोजावी लागते. शिवाय ज्याच्या घरी चोरी झाली त्याचे दुःखही खरेच असते.

मी काम करतो त्या वस्तीत, आसपास कुठेही चोरी झाली की गाडी पहिल्यांदा इथेच येते. दहावीच्या परीक्षेच्या दिवशी पहाटे एका मुलाला चौकशीला नेले. काहीच सापडले नाही, संध्याकाळी सोडले. पेपर सकाळी अकराला होता.