न्हाणीघराची भिंत आणि मागचा जिना

अंधेरीत किंवा मुलुंडला कुणी नवा फ्लॅट घेतला की सर्वांत जास्त खल होतो तो न्हाणीघराचा. टाइल्स कोणत्या रंगाच्या, कमोड जमिनीवर बसवायचा की भिंतीला अडकवायचा, शॉवरपुढे काच लावायची की पडदा? चार फूट बाय सात फुटांच्या जागेत संडास आणि न्हाणी एकत्र बसवायची म्हटल्यावर डोके चालवावेच लागते. पण ही दोन्ही कामे एका दाराआड आली, या साध्या वाटणाऱ्या गोष्टीमागे केवढा इतिहास आहे, हे या चर्चेत कुणाच्या ध्यानीमनीही नसते.

आपल्या समाजव्यवस्थेने या दोन कामांत कधी सोयरीक होऊ दिली नव्हती. न्हाणे म्हणजे शुद्ध होणे. संडास म्हणजे विटाळ. म्हणून मोरी घरात आणि संडास परसात, वाऱ्याची दिशा पाहून. मुंबईच्या चाळीने हीच शिकवण विटा-सिमेंटात उतरवली. मोरी खोलीच्या कोपऱ्यात, संडास गॅलरीच्या टोकाला. साहेबी बंगल्यात आणि शेठजींच्या इमारतीत जागेची चणचण नव्हती, तरी तिथेही संडासाला बाहेरून वेगळी वाट ठेवलेली असे. इमारतीच्या पाठीमागचा तो गोल लोखंडी जिना आज अनेकांना शोभेचा वाटतो. तो टोपली घेऊन चढणाऱ्या माणसासाठी होता. दोन इमारतींमधल्या चिंचोळ्या बोळाला कागदोपत्री 'हाऊस गल्ली' म्हणत, लोकांच्या तोंडी ती 'भंगी गल्ली' होती. मैला उचलणारी जात आधी ठरलेली होती. वास्तुशिल्पज्ञाने तिच्यासाठी फक्त जिना काढला. घरातल्यांच्या दृष्टीस तो माणूस पडू नये, एवढाच त्या नकाशाचा हेतू.

१८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात या कामासाठी जो कर होता, त्याचे नावच 'हलालखोर कर' असे होते. हलालखोर म्हणजे कष्टाचे, हक्काचे खाणारा! शब्द केवढा मानाचा आणि जिणे कसले! या कामावर गुजरात-काठेवाडातून आलेले मेघवाळ, रुखी, वाल्मीकी होते. रस्ते झाडण्यात आणि कचऱ्याच्या गाड्यांवर महार-मांग होते. १९३५ साली बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगार संघ काढला तो याच माणसांसाठी. त्यांच्या कामाला पुण्यकर्म म्हणून गौरवणाऱ्यांचा ढोंगीपणा बाबासाहेबांनी वेळोवेळी उघडा केला आहे.

उपनगरांची कथा थोडी निराळी. विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे तलाव साष्टीच्या डोंगरात बांधले गेले, पण पाणी गेले शहराला. अंधेरी, घाटकोपर १९५० साली बृहन्मुंबईत आले. बोरिवली, मुलुंड १९५७ साली. भुयारी गटारे त्याच्याही पुष्कळ नंतर पोचली. तोवर टोपलीचे संडास, खड्डे आणि सेप्टिक टाक्या यांवरच भागत होते. १९४९ साली नेमलेल्या बर्वे समितीने डोक्यावरून मैला वाहण्याची चाल बंद करण्यास सांगितले. पुढे केंद्राने नेमलेल्या मलकानी समितीलाही १९६० च्या अहवालात तेच पुन्हा सांगावे लागले.

मग संडास घरात आला कसा? भांड्याखालच्या वळणात दोन इंच पाणी साचून राहते आणि तेवढ्याने दुर्गंधी अडते. जे काम सुधारकांच्या भाषणांनी झाले नाही ते या दोन इंच पाण्याने केले. मैला नजरेआड झाला, उचलणारा दारात येईनासा झाला, तेव्हा कुठे सवर्ण घराने विटाळाला आत घेतले. तरीही कैक वर्षे मध्यमवर्गीय ब्लॉकमध्ये संडास आणि न्हाणीघर शेजारी-शेजारी, पण दोन दारांचे असत. यात केवळ सोवळे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. सकाळी आठ माणसांच्या घरात दोन दारे सोयीचीच. जागेचे भाव चढले तशी मधली भिंत परवडेनाशी झाली आणि ती पडली. मन बदलले म्हणून ती पडली नाही.

१९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत २२५ चौरस फुटांचे घर मिळू लागले, त्यात स्वतःचा संडास होता. घाटकोपर-जोगेश्वरीच्या वस्तीत पहाटेच्या अंधारात डबा घेऊन रांग धरलेल्या आमच्या आयाबहिणींना आतून कडी लावता येणे म्हणजे काय, हे ज्याने रांग धरली नाही त्याला कळायचे नाही. त्यांनी त्या खोलीला निळ्या फुलांच्या टाइल्स लावल्या तर आपल्यातल्या विचारवंतांनी नाक मुरडू नये. फक्त जमिनीचा उतार जाळीकडे हवा, न्हाण्याची बाजू इंचभर खाली हवी म्हणजे संडासाकडची जागा कोरडी राहते, आणि हवेला खिडकी हवी. टाइल्सखालचे सांधे नीट भरले नाहीत तर गळती खालच्याच्या छतात उतरते आणि शेजारधर्म संपतो.

उंच मनोऱ्यांतली न्हाणीघरे तर आरशासारखी चकचकीत असतात. ती रोज घासणाऱ्या बाईला मात्र अनेक घरांत तिथला संडास वापरण्याची मुभा नसते. तिने तळमजल्यावरच्या नोकरांच्या संडासात जायचे. मागचा जिना गेला असे कोण म्हणतो?

आणि पाइप? तो भिंतीतून खाली उतरतो, चेंबरमध्ये जातो; कित्येक सोसायट्यांत अजून सेप्टिक टाकीत. नकाशावर ती टाकी एक चौकोन असते. सोसायटीच्या हिशेबात 'टाकी सफाई' अशी ओळ असते, ठेकेदाराचे नाव असते; आत उतरणाऱ्याचे नाव नसते. त्याला उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली. डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तीन कामगार गुदमरून मेले. त्यांच्या विधवा उच्च न्यायालयात गेल्या. २०२१ साली न्यायालयाने प्रत्येकीला दहा लाख रुपये देण्याचा आदेश राज्य सरकारला दिला.