ताऱ्यांचा अभ्यास आणि त्याचे मोल

ताऱ्यांच्या अभ्यासाने पोट भरत नाही, हे आपल्याकडील विद्वानांना फार पूर्वीच उमगले होते. आकाश मोजणाऱ्यालाही धान्य लागते आणि ते दुसऱ्या कोणीतरी द्यावे लागते. कोणी दिले आणि कशाच्या मोबदल्यात दिले, या दोन प्रश्नांत खगोलविद्येचा बराचसा इतिहास सामावलेला आहे.

त्या इतिहासाचे एक पान बऱ्हाणपुराशी निगडित आहे. मोगलांचा सेनापती व कवी अब्दुर्रहीम खानखानान याचे या शहरी दीर्घकाळ वास्तव्य होते. त्याच्या जन्मवेळेचे गणित कृष्ण दैवज्ञ या पंडिताने आपल्या एका संस्कृत ग्रंथात उदाहरणादाखल सोडवून दाखविले आहे. कृष्णाचे घराणे विदर्भातील, पयोष्णीकाठच्या दधिग्रामचे. पुढे ते काशीस जाऊन राहिले. भास्कराचार्यांच्या बीजगणितावर थोर टीका लिहिणारा हा गणिती जहांगीर बादशहाच्या आश्रयास होता. परंतु दरबारास बीजगणितापेक्षा पत्रिकेची गरज अधिक! शिवाय राजाश्रय मर्जीवर चालतो. मर्जी फिरली की विद्येचा दिवा मालवलाच.

ही स्थिती पालटली ती कायम निधींमुळे. १८९० साली फ्रँक मॅक्लीन यांच्या देणगीतून केंब्रिज विद्यापीठात खगोलशास्त्राच्या संशोधकांसाठी आयझॅक न्यूटन यांच्या नावाची शिष्यवृत्ती निघाली. १८९२ साली जमशेटजी टाटा यांनी परदेशी उच्च शिक्षणास जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांसाठी निधी स्थापिला. त्यांनी दान देण्याऐवजी कर्ज देण्याची रीत पत्करली. शिकून कमावत्या झालेल्याने रक्कम फेडावयाची आणि तिच्यातून पुढच्याने शिकावयाचे.

बऱ्हाणपूरकरांना ही रीत समजावून सांगावयास नको. खानखानानच्याच अमदानीत, १६१५ च्या सुमारास, येथे कुंडीभंडाऱ्याची योजना आकारास आली. सातपुड्यातून झिरपणारे पाणी जमिनीखालून, एका कुंडीतून दुसरीत, असे शहरापर्यंत आणले गेले. मधल्या एका कुंडीने ते अडविले असते, तर पुढची वस्ती तहानलेली राहिली असती.

या दोन्ही निधींचा लाभ कोल्हापूरच्या नारळीकर घराण्यास झाला. विष्णु वासुदेव नारळीकर यांनी केंब्रिजला १९३० साली खगोलशास्त्राचे टायसन पदक मिळविले व आयझॅक न्यूटन शिष्यवृत्तीवर संशोधन केले. १९३२ मध्ये पंडित मदनमोहन मालवीय यांच्या आमंत्रणावरून ते काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले आणि आपण मिळविलेले सापेक्षतेचे ज्ञान त्यांनी तेथील विद्यार्थ्यांपुढे ठेवले. कृष्ण दैवज्ञाच्या पूर्वजांनी धरलेली काशीची वाट तीन शतकांनंतर पुन्हा एका मराठी गणित्याने धरली होती.

त्यांचे चिरंजीव जयंत हे काशीचे पदवीधर. १९५७ साली टाटा शिष्यवृत्तीवर ते केंब्रिजला गेले. तेथे फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली १९६३ मध्ये त्यांनी डॉक्टरेट संपादन केली. पुढच्याच वर्षी गुरुशिष्यांच्या गुरुत्वाकर्षण-सिद्धांताने जगाचे लक्ष वेधून घेतले. केंब्रिजमध्ये मानाचे स्थान असताना १९७२ साली ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत परतले. १९८८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने पुण्यात 'आयुका' स्थापिली, तेव्हा तिचे संस्थापक-संचालक तेच झाले. २० मे २०२५ रोजी पुण्यातच त्यांचे निधन झाले.

पैशाचे कर्ज हप्त्यांनी फिटते. पण कोल्हापूरच्या मुलाला जी वाट समुद्रापलीकडे शोधावी लागली, ती इतरांसाठी आपल्याच भूमीवर बांधून देणे, ही फेड त्याहून मोठी होय. आज 'आयुका'त डॉक्टरेटसाठी काम करणाऱ्या तरुणांना दरमहा विद्यावेतन मिळते. त्याच्या मोबदल्यात त्यांच्याकडे कोणी पत्रिका मागत नाही. कृष्ण दैवज्ञाच्या नशिबी हे भाग्य नव्हते.