ग्लायकेशनरोधक पर्णार्क

ग्लायकेशनरोधक पर्णार्क म्हणजे साखर आणि प्रथिन यांच्यातील अपायकारक रासायनिक संयोग मंदावणारे, वनस्पतींच्या पानांपासून काढलेले अर्क. मधुमेहाच्या दीर्घकालीन दुष्परिणामांत या संयोगाचा वाटा मोठा असल्याने पेरू, शेवगा, तुती इत्यादींच्या पानांवर या दृष्टीने संशोधन झाले आहे.

ग्लायकेशनची प्रक्रिया

ग्लायकेशनमध्ये ग्लुकोज विकराच्या मदतीविना प्रथिनाच्या अमिनो गटाशी जोडले जाते. प्रथम अस्थिर शिफ बेस, नंतर अधिक टिकाऊ अमाडोरी संयुग आणि कालांतराने 'प्रगत ग्लायकेशन अंत्योत्पादने' तयार होतात. भाकरी भाजताना येणारा तपकिरी रंग याच प्रकारच्या अभिक्रियेचा असून फ्रेंच शास्त्रज्ञ लुई कामीय मेलार यांनी ती १९१२ मध्ये वर्णिली. शरीरात ती सावकाश चालते. कोलॅजेन व नेत्रभिंगातील क्रिस्टलिन ही प्रथिने दीर्घकाळ टिकत असल्याने त्यांत हे बदल साचत जातात. रक्तवाहिन्यांचा ताठरपणा व मोतीबिंदू यांच्याशी त्यांचा संबंध आहे. मधुमेहाच्या निदानासाठी केली जाणारी एचबीए१सी चाचणीदेखील ग्लायकेशन झालेले हिमोग्लोबिनच मोजते.

पानांतील घटक

पेरूच्या पानांत गॅलिक आम्ल, कॅटेचिन व क्वेर्सेटिन आढळतात. मैंदर्गीसह सोलापूर जिल्ह्याच्या कमी पावसाच्या पट्ट्यात तग धरणाऱ्या शेवग्याच्या पाल्यात क्वेर्सेटिन व केम्फेरॉल यांची संयुगे असतात. ही पॉलिफिनॉल द्रव्ये मुक्त मूलकांचे शमन करतात. काही तर मिथाइलग्लायऑक्सलसारख्या क्रियाशील रेणूंना प्रथिनापर्यंत पोहोचण्यापूर्वीच बांधून ठेवतात.

परीक्षण आणि मर्यादा

प्रयोगशाळेत अल्ब्युमिन व साखर यांचे मिश्रण अर्कासह ३७ अंश सेल्सियसला काही दिवस ते काही आठवडे ठेवतात आणि अंत्योत्पादनांची प्रतिदीप्ती मोजतात. येथे फसगतीला वाव आहे: अर्कातील रंगद्रव्ये स्वतःच प्रकाश शोषतात, त्यामुळे प्रतिदीप्ती घटली म्हणजे ग्लायकेशन घटलेच असे नाही. म्हणून वस्तुमान वर्णपटमितीसारख्या पद्धतींची जोड आवश्यक ठरते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत ग्लायकेशन झालेल्या प्रथिनांचा असा अभ्यास झाला आहे.

परीक्षानळीत प्रभावी ठरलेले द्रव्य शरीरात तितकेच प्रभावी ठरेल, असेही नाही. क्वेर्सेटिनचे आतड्यात व यकृतात झपाट्याने रूपांतर होते, त्यामुळे रक्तात ते मूळ रूपात फारसे उरत नाही. या प्रयोगांत तुलनेसाठी वापरले जाणारे अमिनोग्वानिडीन हे कृत्रिम द्रव्य १९८६ मध्ये मधुमेही प्राण्यांवरील प्रयोगांत आशादायक ठरले होते. मात्र मानवी चाचण्यांत दुष्परिणाम दिसल्याने त्याचे औषध होऊ शकले नाही. पाल्याचा काढा मधुमेहावरील औषधांना पर्याय मानला जात नाही; काही पानांचे अर्क स्वतःच रक्तशर्करा उतरवत असल्याने औषधासोबत घेतल्यास ती प्रमाणाबाहेर खाली जाण्याचा धोकाही संभवतो.