पदवीनंतरची शाळा : दंतवैद्यकाचं निरंतर शिक्षण आणि खानदेश

आज आपण एका साध्या प्रश्नाचा इतिहास पाहणार आहोत. पदवी हातात पडल्यावर दातांचा डॉक्टर नवं काही शिकतो, ते कुठे आणि कोणाकडून?

धुळ्यात हा प्रश्न विचारायला कारण आहे. शिरपूर, दोंडाईचा, साक्री, शहादा, अमळनेर अशा गावांत दवाखाना चालवणारा दंतवैद्य बहुतेक वेळा एकटा असतो. लहान मुलाची किडलेली दाढ, मुलीचे पुढे आलेले दात, आजोबांची सैल झालेली कवळी, सगळं त्याच्याच खुर्चीवर येतं. म्हणून त्याने काय शिकायचं ठरवलं, याचा परिणाम सगळ्या तालुक्यावर होतो.

आधी पाया पाहू. भारतातलं पहिलं दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी 1920 साली कोलकात्यात काढलं. मुंबईत नायर रुग्णालयाचं दंत महाविद्यालय 1933 मध्ये सुरू झालं. तोवर, आणि त्यानंतरही बरीच वर्षं, हे काम पुष्कळ ठिकाणी उस्तादाच्या हाताखाली राहून शिकलं जाई. 1948 च्या दंतवैद्य कायद्याने ही वस्तुस्थिती मान्य केली. नोंदवहीचे दोन भाग केले. 'अ' भागात पदवीवाले आणि 'ब' भागात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. म्हणजे कायद्याने अनुभवालाही जागा दिली. मात्र एकदा नाव चढलं की पुढे शिकत राहण्याची सक्ती या मूळ कायद्यात नव्हती. शिकायचं तर स्वतःच्या हौसेने, स्वतःच्या खर्चाने. खानदेशातून जायचं तर चाळीसगावला किंवा जळगावला गाडी पकडून मुंबई गाठायची.

आता तीन विषयांकडे वळू : वाकडे दात, मुलांचे दात आणि इम्प्लांट. यांचा जन्म वेगवेगळ्या ठिकाणी झाला आणि तिन्ही आपल्याकडे वेगवेगळ्या वाटांनी आले.

वाकड्या दातांचं शास्त्र मुळातच 'पदवीनंतरची शाळा' म्हणून उभं राहिलं, ही गंमत आहे. एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्याने 1899 मध्ये दातांच्या चुकीच्या जुळणीचे तीन वर्ग सांगितले. आजही आपला विद्यार्थी तेच पाठ करतो. कॉलेजात या विषयाला पुरेसा वेळ मिळत नाही म्हणून त्याने 1900 मध्ये सेंट लुईसला स्वतःची शाळा काढली. पदवीधर दंतवैद्य तिथे काही आठवडे येऊन शिकायचे आणि आपापल्या गावी परतायचे. आजच्या अल्पमुदतीच्या कोर्सचा हा एक पूर्वजच म्हणायचा. भारतात ऑर्थोडॉन्टिस्टांची संघटना 1965 साली स्थापन झाली.

मुलांच्या दातांच्या डॉक्टरांची देशव्यापी संघटना यायला 1979 उजाडलं. उशीर का झाला असेल? आपल्या घराघरांत ऐकू येणारं वाक्य आठवा : दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत. या समजुतीपुढे विषयाचं महत्त्व पटायला वेळ लागला. पण या क्षेत्रातला एक मोठा बदल गरीब देशातून आला, हे आपण लक्षात ठेवायला हवं. 1980 च्या दशकात टांझानियात यो फ्रेंकेन यांनी एक पद्धत विकसित केली. वीज नाही, ड्रिल नाही. फक्त हातातल्या अवजाराने कीड खरवडायची आणि ग्लास आयनोमर सिमेंट भरायचं. पाड्यावरच्या शाळेत, बाकावर झोपवूनसुद्धा हे करता येतं. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या पद्धतीला पाठिंबा दिला. सातपुड्याच्या पायथ्याशी काम करणाऱ्याला याहून उपयोगी दुसरं काय शिकवणार?

तिसरा विषय इम्प्लांट. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क 1952 च्या सुमारास सशाच्या हाडातला रक्तपुरवठा अभ्यासत होते. टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले, तर ते हाडाला घट्ट चिकटलेलं. त्यातून 1965 मध्ये पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसले. 1982 च्या टोरांटो परिषदेनंतर जगाने ही पद्धत उचलली. सुरुवातीला प्रशिक्षण घेतलेल्यांच्याच हाती ते इम्प्लांट दिले जात. पुढे कंपन्या वाढल्या, स्पर्धा वाढली आणि शिकवणं हा विक्रीचा भाग झाला. आज शनिवार-रविवारच्या कोर्समागे पुष्कळदा कोणती ना कोणती कंपनी उभी असते. त्यात चूक आहे असं नाही. पण शिकवणाऱ्याचा माल कोणता, हे शिकणाऱ्याला माहीत असावं.

या काळात खानदेशातही बदल झाला. धुळ्यात अण्णासाहेब चुडामण पाटील यांच्या नावाचं दंत महाविद्यालय उभं राहिलं. 1998 मध्ये नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठ आलं. शिकायला दर वेळी मुंबई गाठण्याची गरज उरली नाही. दंत परिषदेने निरंतर शिक्षणाचे गुण ठरवले आणि हौसेचं रूपांतर हिशेबात झालं. 2023 मध्ये संसदेने 1948 च्या कायद्याच्या जागी राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला.

गुणांच्या हिशेबात तिन्ही विषय सारखेच दिसतात. बाजारात मात्र इम्प्लांटची फी मोठी आणि मुलाच्या दाढेत सिमेंट भरण्याची छोटी. मग एकट्या दंतवैद्याचा रविवार कुठे जाईल, हे सांगायला नको.

पण तोंडात हे तीन विषय वेगळे नसतात. सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे पहिली कायमची दाढ येते. तिच्यासाठी कोणताही दात पडत नाही, म्हणून आईबाप तिलाही दुधाचीच समजतात आणि ती किडू देतात. दुधाची दाढ वेळेआधी काढली, तर ही मागची दाढ पुढे सरकते, येणाऱ्या दाताची जागा खाते आणि दात वाकडे येतात. मग तारा लावा. आणि सहाव्या वर्षीची ती दाढच गेली, तर पुढे कधीतरी इम्प्लांटचा खर्च. तोही लगेच नाही, कारण इम्प्लांट वाढत्या जबड्याबरोबर सरकत नाही. वाढ पूर्ण होईपर्यंत थांबावं लागतं. पुढे तंबाखूची सवय लागली, तर बसवलेला इम्प्लांट निकामी होण्याचा धोकाही वाढतो.

म्हणजे पहिल्या विषयात केलेली हयगय पुढचे दोन विषय वाढवते. इतिहासाने हे तीन विषय वेगवेगळ्या संघटनांत, वेगवेगळ्या कोर्सांत वाटून टाकले. साक्रीच्या दवाखान्यात मात्र ते एकाच मुलाच्या रूपाने, काही वर्षांच्या अंतराने, त्याच दारातून आत येतात.

म्हणून आपल्या भागात कार्यक्रम ठरवणाऱ्यांकडे एक मागणी करावीशी वाटते. इम्प्लांटचा कोर्स जरूर ठेवा, पण त्याच सभागृहात आधी अर्धा दिवस सहा वर्षांच्या दाढेला द्या. त्या अर्ध्या दिवसाला कंपनी पैसे देणार नाही कदाचित. तो खर्च कॉलेजांनी आणि संघटनांनी उचलावा. इथे थांबू या. प्रश्न असतील तर जरूर विचारा.