गाण्याचे नाव राहते कुठे? (थ्रेड)

नोव्हेंबर १९०२. कोलकात्यात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग गौहर जान यांचे गाणे मुद्रित करत होता. गाणे संपताच गौहर जान इंग्रजीत स्वतःचे नाव मोठ्याने सांगतात. अनेकांना ती ऐट वाटते. वास्तविक तबकड्या छापल्या जात जर्मनीतील हॅनोव्हरला, आणि तिथल्या कारागिरांना ही गायिका कोण हे कळायला दुसरा सोपा मार्ग नव्हता. गाणे आणि गाणाऱ्याचे नाव असे एकाच खोबणीत कोरले गेले.

१९८२ साली सीडी बाजारात आली. तिच्या अनुक्रमणिकेत ट्रॅक किती आणि प्रत्येक कुठे सुरू होतो, एवढेच नोंदलेले असे. नावे वेष्टनातल्या कागदावर. त्यामुळे पुढे सीडी संगणकावर उतरवणाऱ्याच्या हाती 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशा अनामिक फायलींचा ढीग येई.

तोडगा हौशी मंडळींनी काढला. टी कान याने युनिक्स संगणकांसाठी 'एक्सएमसीडी' हा सीडी वाजवणारा प्रोग्राम लिहिला होता. ट्रॅकच्या वेळांवरून एक क्रमांक काढायचा आणि तीच त्या सीडीची ओळख मानायची, ही त्यामागची युक्ती. तिच्यातून, स्टीव्ह शर्फच्या साथीने, 'सीडीडीबी' हा इंटरनेटवरील कोश उभा राहिला. एकाने नावे टंकली की पुढच्या हजारोंना ती आयती मिळत. (दोन भिन्न सीडींचे क्रमांक जुळले, तर भलतीच नावेही मिळत!)

१९९८ मध्ये हा कोश विकला गेला. पुढे तो 'ग्रेसनोट' झाला आणि २००८ मध्ये सोनीने ती कंपनी सुमारे २६ कोटी डॉलरना घेतली. नावे टंकणाऱ्यांनी मात्र ती फुकट टंकली होती. 'फ्रीडीबी' आणि 'म्युझिकब्रेन्झ' हे खुले कोश या अस्वस्थतेतूनच उभे राहिले.

पण मिळालेली नावे फाइलमध्ये ठेवायची कुठे? एमपी३ची रचना करताना शीर्षकासाठी जागाच राखलेली नव्हती. १९९६ मध्ये एरिक केम्पने फाइलच्या शेपटाला १२८ बाइटांची चिठ्ठी जोडली, तिचे नाव 'आयडी३'. खुणेला ३ बाइट; शीर्षक, कलावंत, अल्बम आणि शेरा यांना प्रत्येकी ३०; वर्षाला ४; शैलीला १. गंमत अशी की, गौहर जान यांच्याप्रमाणे इथेही नाव गाण्याच्या अखेरीसच आले.

या चौकटी पाश्चात्त्य पॉप गाण्याच्या मापाने बेतलेल्या होत्या. शैलींच्या मूळ यादीत ८० नावे. ग्रंज आहे, पोल्काही आहे. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत, अभंग यांपैकी काहीच नाही. ख्यालासाठी 'क्लासिकल' निवडा, नाहीतर 'एथनिक'! देवनागरीची सोय नव्हती. राग, ताल, बंदिशीचा मुखडा, साथीदार हे सारे रोमन लिपीतल्या तीस अक्षरांत कोंबायचे. शिवाय 'भीमसेन जोशी', 'पं. भीमसेन जोशी' आणि 'पंडित भीमसेन जोशी' हे संगणकाच्या लेखी तीन वेगळे गायक.

१९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत चिठ्ठी फाइलच्या आरंभी आली, तिची लांबी मोकळी झाली, युनिकोडही आले. रागाची स्वतंत्र चौकट मात्र त्याही यादीत नव्हती. मग कोणी राग 'अल्बम'मध्ये लिहिला, कोणी 'शैली'त, कोणी शेऱ्यात. यांपैकी कोणतीही रीत चालते. एकाच संग्रहात तिन्ही मिसळल्या, की यमन शोधताना निम्मे यमन सापडत नाहीत.

२००१ मध्ये आयट्यून्स आले आणि चिठ्ठीजोडीला एक खतावणीही आली. श्रोत्याने दिलेले तारे, लावलेला क्रम, किती वेळा ऐकले याची मोजणी हे सारे प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदवहीत राही. नुसत्या फायली दुसऱ्या संगणकावर नेल्या, तर ते मागेच राहून जाई. फाइलच्या पोटात लिहिलेला राग तेवढा सोबत येई.