गिऱ्हाईकाचं नाक

मंडळी, आजची सुरुवात आपण एका नाकापासून करू. १५०४ सालचं फ्लॉरेन्स. मायकेलअँजेलोचा डेव्हिड जवळपास पुरा झालेला, उंची सतरा फूट. नगरराज्याचा प्रमुख पिएरो सोदेरिनी पाहायला आला आणि म्हणाला, सुंदर आहे, पण नाक जरा जाड वाटतं. मायकेलअँजेलोच्या लक्षात आलं की साहेब पुतळ्याच्या अगदी पायाशी उभे आहेत, तिथून नाक नीट दिसणारच नाही. पण वाद कोण घालतो? तो परांचीवर चढला, छिन्नी नुसती टकटक वाजवली, मुठीत लपवलेली संगमरवराची भुकटी थोडी थोडी खाली सोडली. नाक होतं तसंच. सोदेरिनी खूश! म्हणे, आता कसा जिवंत वाटतो!

ही गोष्ट वासारीच्या चरित्रग्रंथात आहे. वासारीचा जन्म १५११चा, तेव्हा ती मिठासकटच घ्यायची. पण पाचशे वर्षं कारागीर ती एकमेकांना सांगतात, कारण तिच्यात गिऱ्हाईकाला ‘तुमचं चुकलं’ हे शब्द उच्चारावेच लागत नाहीत. फक्त एक विसरायचं नाही. तिथे पणाला काय लागलं होतं? एक नाक.

आता अमेरिकेत येऊ. अवकाशयानाचे घन इंधनाचे बूस्टर युटामधली मॉर्टन थायोकोल ही कंपनी बनवायची. गिऱ्हाईक एकच, नासा. बूस्टर तुकड्यातुकड्यांनी जोडलेला, आणि सांध्यातून तप्त वायू बाहेर येऊ नये म्हणून रबरी कडी, ओ-रिंग. थंडीत रबर कडक होतं, फट भरायला उशीर करतं. जानेवारी १९८५ मध्ये ५३ अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण १२ सेल्सियसला एक उड्डाण झालं. त्यातल्या सांध्यात पहिल्या कड्याच्या पलीकडे काळी काजळी सापडली.

मग कंपनीने गिऱ्हाईकाला सांगितलं नाही का? सांगितलं की! ऑगस्ट १९८५ मध्ये थायोकोलची मंडळी वॉशिंग्टनला नासाच्या मुख्यालयात गेली. त्यांच्या सादरीकरणात हा सांधा सर्वांत गंभीर चिंतेचा विषय म्हणून नोंदवलेला होता. आणि त्याच सादरीकरणाच्या शेवटी लिहिलं होतं की गळतीची चाचणी नीट केली तर आहे त्याच रचनेवर उड्डाणं चालू ठेवणं सुरक्षित आहे. आम्हाला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत बोलका कागद हाच वाटतो. दोष सांगितलाही, आणि कुणाच्या कपाळावर आठीही पडू दिली नाही. आपल्याकडे भिडेला भिकेची बहीण म्हणतात. इथे ती त्याहून महाग पडली.

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. फ्लोरिडात पारा गोठणबिंदूखाली जाणार होता. युटा, अलाबामा आणि फ्लोरिडा अशी तिन्हीकडची मंडळी फोनवर. रॉजर बॉइजोली, आर्नी थॉम्पसन हे थायोकोलचे इंजिनियर स्पष्ट बोलले: ५३ अंशांच्या खाली उडवू नका. नासाचे अधिकारी भडकले. त्यांनी प्रश्न केला की ७५ अंशांच्या उड्डाणातही काजळी दिसली होती, मग दोष थंडीचाच कशावरून? प्रश्न अगदीच गैर नव्हता, आणि इंजिनियरांचे तक्ते विस्कळीत होते. पण एक मोठी उलटापालट झाली. एरवी ‘सुरक्षित आहे’ हे कंपनीला सिद्ध करावं लागे. त्या रात्री ‘धोका आहे’ हे सिद्ध करायची पाळी आली.

थायोकोलने पाच मिनिटं मागितली, लागली अर्धा तास. त्या अर्ध्या तासात वरिष्ठ अधिकारी जेरी मेसन यांनी इंजिनियरिंगचे प्रमुख बॉब लुंड यांना सांगितलं की आता इंजिनियरची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची घाला. लुंड यांनी मत बदललं. उड्डाणाची शिफारस करणारा सहीचा कागद फॅक्सने गेला. फ्लोरिडात बसलेल्या थायोकोलच्याच ॲलन मॅक्डोनल्ड यांनी सही करायला नकार दिला होता, म्हणून ती युटाहून करावी लागली. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर ७३ सेकंद उडालं. सात माणसं गेली.

चौकशी आयोगाने अहवालात स्वच्छ नोंदवलं की कंपनीच्या व्यवस्थापनाने आपल्या इंजिनियरांच्या मताविरुद्ध भूमिका बदलली, ती एका मोठ्या गिऱ्हाईकाला सांभाळून घेण्यासाठी.

हे बाहेर कसं आलं तेही ऐकण्यासारखं आहे. फेब्रुवारीत आयोगाची बंद दाराआड बैठक चालू होती. नासाच्या बाजूने सांगितलं गेलं की थायोकोलने थंडीबद्दल काळजी व्यक्त केली होती, पण शिफारस उड्डाणाचीच केली. काळजी! पुन्हा तोच मऊ शब्द. मागे बसलेले मॅक्डोनल्ड, त्यांना कुणी बोलायला सांगितलेलं नव्हतं, उठले आणि म्हणाले की आम्ही ५३ अंशांच्या खाली उडवू नका असं सांगितलं होतं, तेही लेखी. गिऱ्हाईक त्याच खोलीत बसलेलं होतं.