माउंटन बाइकच्या चाकांसाठी हब निवडताना...

- प्रतिनिधी

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला मरिन परगण्यात 'रीपॅक' नावाची एक मातीची वाट आहे. सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली उतरणाऱ्या या वाटेवर ऑक्टोबर १९७६ मध्ये काही हौशी तरुणांनी जाड टायरच्या जुन्या सायकलींची शर्यत लावली. माउंटन बायकिंग या खेळाचा उगम बहुतेक जण याच शर्यतीत शोधतात. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही पुढे प्रसिद्ध झालेली मंडळी त्या उतारावर घडली. त्यांच्या सायकलींना ब्रेक असे तो मागच्या हबच्या पोटात. पॅडल उलटे दाबले की तो लागत असे. उतार संपेपर्यंत हब एवढा तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे आणि पुढच्या फेरीआधी तो उघडून त्यात नव्याने ग्रीस भरावे लागे. या 'पुन्हा भरण्या'वरूनच वाटेचे नाव पडले.

ज्या खेळाच्या पहिल्या मैदानाला हबच्या दुरुस्तीवरून नाव मिळाले, त्या खेळातील नवा ग्राहक आज दुकानात गिअर किती, फ्रेम कशाची, शॉकअप कोणता, हे सारे विचारतो. हबविषयी मात्र क्वचितच प्रश्न करतो. बैलगाडीच्या चाकाच्या मधल्या लाकडी भागाला मराठीत तुंबा असा नेमका शब्द आहे. हब म्हणजे सायकलचा तुंबाच. तथापि सायकलच्या दुकानात कोणी तुंबा मागत नाही, म्हणून येथेही हब हाच शब्द वापरला आहे.

आधी मापे, मग बाकीचे

हब कितीही उत्तम असला तरी तो आपल्या फ्रेममध्ये आणि फोर्कमध्ये बसला पाहिजे. येथेच सर्वाधिक पैसे वाया जातात. जुन्या पद्धतीच्या माउंटन बाइकमध्ये पुढचा हब १०० मिलिमीटर आणि मागचा १३५ मिलिमीटर रुंद असे; चाक खटक्याच्या क्विक रिलीजने आवळले जाई. डिस्क ब्रेक आल्यावर या रचनेची मर्यादा उघड झाली. डाव्या पायाच्या मागील बाजूस बसवलेला कॅलिपर पुढची डिस्क पकडतो, तेव्हा ॲक्सलवर खालच्या दिशेने जोर येतो, म्हणजे ज्या खाचेतून चाक बाहेर काढतात नेमक्या त्याच दिशेने. खटका सैल राहिला, तर खाचेच्या टोकाशी असलेले छोटे कंगोरे एवढाच काय तो आधार उरतो. ज्यांच्याकडे अशी सायकल आहे, त्यांनी प्रत्येक फेरीआधी खटका तपासावा. तळहातावर त्याचा वळ उमटेल एवढ्या जोराने तो बंद व्हावयास हवा.

यावर उपाय म्हणून आरपार जाणारा 'थ्रू ॲक्सल' आला. पुढे १५ मिलिमीटर व्यासाचा (डाउनहिल प्रकारात २० चा) आणि मागे १२ चा. मागची रुंदी १४२ मिलिमीटर झाली. मात्र ही वाढ बरीचशी कागदोपत्री आहे. दोन्ही बाजूंचे साडेतीन मिलिमीटर फ्रेमच्या खोबणीत जातात. डिस्क, कॅसेट आणि स्पोकच्या जागा १३५ च्याच राहतात. त्यामुळे अनेक हब केवळ टोकाच्या टोप्या बदलून दोन्हीकडे चालतात. २०१४-१५ च्या सुमारास आलेल्या 'बूस्ट' मापाचे तसे नाही. पुढे ११० आणि मागे १४८ मिलिमीटरच्या या रचनेत स्पोक धरणाऱ्या कडाच बाहेर सरकवल्या गेल्या. मागील हबमध्ये प्रत्येक बाजूस तीन मिलिमीटर एवढाच हा फरक. पण २९ इंची मोठ्या चाकाचा ताठपणा त्याने जाणवण्याइतका वाढतो. डिस्क आणि कॅसेटही तेवढीच सरकते, म्हणून १४२ चा हब टोप्या बदलून १४८ च्या फ्रेममध्ये नीट बसत नाही. जोडसाहित्य मिळते, पण नवा हब घ्यावयाचाच असेल तर या वाटेला न जाणे बरे.

डिस्क बसवण्याच्या पद्धती दोन. सहा बोल्टची, आणि शिमानोची 'सेंटर लॉक'. सेंटर लॉकच्या हबवर अडॅप्टर लावून सहा बोल्टची डिस्क बसवता येते. उलटे करता येत नाही. कॅसेट कोणती लावणार, त्यावर फ्रीहबचा प्रकार ठरतो. आठ ते अकरा गिअरसाठी शिमानोचा जुना 'एचजी', दहा दातांच्या चक्रापासून सुरू होणाऱ्या स्रॅमच्या कॅसेटसाठी 'एक्सडी', आणि शिमानोच्या बारा गिअरसाठी २०१८ मध्ये आलेला 'मायक्रो स्प्लाइन'. फ्रीहब बदलण्याची सोय असलेला हब घेतला, तर उद्या गिअर बदलले तरी चाक तेच राहते.

फ्रीव्हील की फ्रीहब?

स्वस्त माउंटन बाइक घेणाऱ्यासाठी हा प्रश्न वरच्या सर्व मापांपेक्षा मोठा आहे. सहा-सात गिअरच्या बहुतेक सायकलींत दातेरी चक्रांचा गुच्छ आट्यांवर फिरवून बसवलेला असतो. हे फ्रीव्हील. यात उजवीकडचे बेअरिंग चक्रांच्या आतल्या अंगाला राहते. तेथून फ्रेमपर्यंत ॲक्सलचा बराच भाग आधाराशिवाय लोंबकळतो. दगडावरून धक्का बसला की तो तेथेच वाकतो, किंवा तुटतो. शिमानोने १९७८ मध्ये बाजारात आणलेल्या फ्रीहबमध्ये फिरते यंत्र हबचाच भाग झाले आणि उजवे बेअरिंग बाहेर, फ्रेमजवळ आले.

हा फरक प्रस्तुत प्रतिनिधीला पुस्तकातून कळलेला नाही. काही वर्षांपूर्वी एका पावसाळी रविवारी मुळशीच्या पुढे खडकाळ उतारावर मागील चाक एकाएकी फ्रेमला घासू लागले. पंक्चर नव्हते, स्पोकही शाबूत होते. ॲक्सल मधोमध तुटला होता, दोन तुकडे केवळ क्विक रिलीजच्या सळईने धरून ठेवले होते. पुढे तीन तास सायकल हातात धरून चालण्यात गेले. तो उतार अंमळ अधिक वेगाने उतरला असता, तर काय झाले असते याचा विचार नंतर आला. खड्ड्याखडकांत जाणार असाल, तर सायकल स्वस्त असो वा महाग, फ्रीहब असलाच पाहिजे.

छर्रे, की बंद बेअरिंग?

शिमानोच्या अनेक हबमध्ये अजूनही कप, कोन आणि सुटे छर्रे असतात. मागे प्रत्येक बाजूस पाव इंची नऊ, पुढे तीन-षोडशांश इंची दहा. दोन पातळ पाने, चिमटीभर ग्रीस आणि अर्धा तास एवढ्यावर हे हब नवे होतात. छर्रे कोणत्याही गावात मिळतात. मात्र कोन आवळताना एक मेख आहे. क्विक रिलीज बंद करताना ॲक्सल किंचित दाबला जातो. म्हणून हातात असताना चाक अगदी थोडे सैल ठेवावे लागते, खटका बंद करताच ते बरोबर बसते. हे ठाऊक नसलेला कारागीर ते आधीच घट्ट करतो आणि छर्रे कपाला खड्डे पाडतात. कोन बदलता येतो. कप मात्र हबमध्येच ठोकून बसवलेला असल्यामुळे तो खराब झाला की हब गेला.

बंद बेअरिंगच्या हबमध्ये हा जुगार नाही. बेअरिंग संपले की ठोकून काढावे, नवे बसवावे. त्याच्या कडेवर छापलेला आकडा, उदाहरणार्थ ६९०२, दाखवला की मोठ्या शहरात बेअरिंगच्या सामान्य दुकानातही जोडी मिळते. सह्याद्रीतील पाऊस, ओढे आणि लाल चिखल पाहता ज्याला स्वतः हब उघडण्याची आवड नाही, त्याने बंद बेअरिंगच घ्यावे. फवारा मारून गाड्या धुण्याच्या ठिकाणी सायकल नेऊ नये. रबरी सील पाऊस थोपवते, तो जोर थोपवत नाही.

किती अंशांवर पकडतो?

पॅडल मारणे थांबवून पुन्हा सुरू केले की हब लगेच पकडत नाही. आतील दाते एकमेकांत अडकेपर्यंत थोडे फिरावे लागते. ३६ ठिकाणी पकडणारा हब जास्तीत जास्त १० अंश रिकामा फिरतो, १८ चा २० अंश, ७२ चा ५. जाहिरातीत हे अंश चाकाचे असतात, पॅडलचे नव्हेत! पुढे ३२ आणि मागे ५० दात लावून चढ चढताना चाकाचे १० अंश पॅडलपाशी सुमारे साडेपंधरा होतात. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर हे अंतर साधारण साडेचार सेंटिमीटर भरते. १८ च्या हबवर नऊ. दगडांच्या पायरीवर अर्धे पॅडल मारून सायकल उचलावयाची असते तेव्हा हे नऊ सेंटिमीटर पाय खाली टेकवावयास लावतात. सपाट रस्त्यावर जड गिअरमध्ये मात्र हाच फरक कळतही नाही.

म्हणून आकडा जेवढा मोठा तेवढे चांगले, असे मात्र नाही. मागे शॉकअप असलेल्या सायकलमध्ये चाक वर जाताना चेन ओढली जाते. हब लगेच पकडणारा असेल तर तो धक्का पायांपर्यंत येण्याचा संभव वाढतो. शिवाय दाते बारीक केले की त्यांच्यावरील भार वाढतो, आणि ३२-५० च्या गिअरमध्ये पायाचा पीळ हबपाशी दीडपटीहून अधिक होऊन पोहोचतो. स्प्रिंगवरील तीन-चार खिट्यांऐवजी दोन दातेरी चकत्या समोरासमोर अडकवण्याची डीटी स्विसची रचना यासाठीच नावाजली जाते. भार सर्व दातांवर वाटला जातो, हत्यारांशिवाय ती उघडते, आणि १८ दातांच्या चकत्या काढून ३६ किंवा ५४ च्या घालता येतात. आमच्या मते डोंगरातील सर्वसाधारण फिरण्यासाठी ३६ ते ५४ पुरेसे आहेत. खिट्यांच्या फ्रीहबमध्ये बेअरिंगचे जाड ग्रीस कधीही भरू नये. खिट्या चिकटतात, चढावर पॅडल रिकामे जाते आणि गुडघा हँडलवर आपटतो.

हबच्या वजनावर फार खर्च करू नये. ते चाकाच्या केंद्राशी असते. तेवढेच वजन रिम किंवा टायरमधून कमी केले तर वेग घेताना अधिक जाणवते. छिद्रांची संख्या रिमशी जुळावी. जड अंगाच्या स्वाराने २८ ऐवजी ३२ घ्यावीत. सरळ डोक्याच्या स्पोकचे हब दिसावयास देखणे. पण तालुक्याच्या गावी तुटलेला स्पोक मागितला तर वाकड्या डोक्याचाच मिळेल. जुन्या रिमवर नवा हब बसवताना जुने स्पोक चालतीलच असे नाही. कडेचा व्यास आणि दोन कडांमधील अंतर बदलले की स्पोकची लांबी बदलते, तेव्हा हब हाती आल्यावर मोजून मगच स्पोक मागवावेत.